वॉर्निंग लाइटचा फॉल्ट: डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी उघडा

डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवरचा एखादा दिवा उगाच पेटून राहिला, किंवा पेटायला हवा तेव्हा पेटेना, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर नवा सेन्सर आणून बसवतात, नाहीतर थेट डॅशबोर्ड उघडतात. पहिल्यात पैसे जातात आणि दिवा तसाच राहतो. दुसऱ्यात प्लास्टिकच्या दोन-चार क्लिपा तुटतात आणि गाडी कायमची खडखडायला लागते.

खरं तर सेन्सरजवळचा कपलर (वायर सेन्सरला जोडणारा, काढता येणारा प्लग) ही सर्किट मधोमध तोडायची जागा. तिथे तोडलं की फॉल्ट सेन्सरच्या बाजूला आहे की वायर-बल्बच्या, हे मिनिटाभरात कळतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. २४ व्होल्टच्या ट्रकला बॅटरी आणि चार्जिंगचे आकडे दुप्पट धरा.

१. तयारी

जवळ ठेवायच्या वस्तू: डिजिटल मल्टिमीटर, बल्बचा टेस्ट लॅम्प, ५ अँपिअरचा फ्यूज मध्ये घातलेली जंपर वायर, वायर ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, टॉर्च आणि त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर आधी तो मिळवा. वायरच्या रंगावरून अंदाज बांधू नका. वाटेत एकदा कुणी हार्नेस (वायरींचा जुडगा) जोडलेला असला की रंगांवर भरवसा राहत नाही.

मग बॅटरी बघा. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. अर्धवट बॅटरीवर रिले थरथरतात आणि कंट्रोल युनिट (गाडीतले कॉम्प्युटर) खोटे कोड टाकतात, मग तुम्ही दिवसभर भुतामागे धावता. टर्मिनल हाताने हलवून पाहा. हललं तर आधी तेच साफ करून घट्ट करा.

*सावधान:* मल्टिमीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट होतो. मीटरचा फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर आणखीही काही. माझ्याकडून हे दोनदा झालंय. तेव्हापासून हातात घेतला की आधी मीटरची भोकं बघतो, मग गाडी.

२. चावी ऑन करून दिव्यांची हजेरी घ्या

इंजिन चालू न करता चावी ऑन करा आणि कोणकोणते दिवे पेटले ते कागदावर लिहा. चार्जिंग, ऑईल प्रेशर, हँडब्रेक ओढलेला असेल तर ब्रेक, चेक इंजिन, आणि इंजिन थंड असेल तर हीटर (सेल्फ मारण्याआधी इंजिन तापवणाऱ्या प्लगांचा दिवा). आता इंजिन चालू करा आणि कोणता दिवा किती वेळाने विझला तेही लिहा.

ही पायरी सगळे गाळतात, आणि निम्मं उत्तर इथेच असतं:

- चार्जिंग, ऑईल आणि ब्रेक असे तीन-चार दिवे एकत्र गायब असतील तर कुठल्याच सेन्सरला हात लावू नका. क्लस्टरचा (डॅशबोर्डमधल्या मीटर-दिव्यांच्या पॅनेलचा) फ्यूज किंवा चावीकडून येणारा सामायिक पॉझिटिव्ह गेलेला असतो.
- बरेच दिवे एकदम मंद पेटत असतील, हेडलाइट लावल्यावर किंवा इंडिकेटर दिल्यावर कमी-जास्त होत असतील, तर अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारा परतीचा रस्ता) खराब आहे. बहुतेकदा इंजिन ते बॉडी जाणारी पट्टी.
- एकच दिवा बिघडलेला असेल तर तो कायम पेटलेला राहतो की कधीच पेटत नाही, हे आधी पक्कं करा. दोन्हींच्या चाचण्या एकमेकींच्या उलट आहेत.

*थांबा:* इंजिन चालू असताना ऑईलचा दिवा पेटला तर लगेच इंजिन बंद. "सेन्सरच असेल" म्हणत घरापर्यंत चालवलेल्या इंजिनाच्या बेअरिंग मग गेल्याच समजा. दिवा खरं बोलतोय असं धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत.

३. हा दिवा वायरवर चालतो की कॉम्प्युटरवर?

जुन्या आणि साध्या गाड्यांत चावीकडून फ्यूजमार्गे दिव्याला पॉझिटिव्ह मिळतो, आणि दिव्याची दुसरी वायर सेन्सरमधल्या स्विचपर्यंत जाते. स्विचने ती बॉडीला जोडली की दिवा पेटतो. म्हणजे सेन्सर अर्थ देतो, करंट नाही. हे डोक्यात नीट बसलं की अर्धं काम झालं.

नव्या गाड्यांत सेन्सर कंट्रोल युनिटला सांगतो आणि युनिट कॅन बसच्या (युनिटांनी एकमेकांशी बोलायच्या) दोन वायरींवरून क्लस्टरला दिवा लावायला सांगतं. तिथे दिव्यापर्यंत जाणारी वेगळी वायरच नसते. डायग्राममध्ये हे स्पष्ट दिसतं. एक ढोबळ खूणही आहे: इंजिन चालू न करताच दिवा दोन-तीन सेकंद पेटून आपोआप विझत असेल तर मागे इलेक्ट्रॉनिक्स आहे.

पुढच्या चार पायऱ्या मुख्यतः वायरवाल्या दिव्यांसाठी. कॉम्प्युटरवाल्यांसाठी नववी पायरी.

४. कपलरची चाचणी, उदाहरण ऑईल प्रेशरचं

ऑईल प्रेशर स्विच एका वायरचा असतो आणि अर्थ आपल्या आट्यांतून, इंजिनच्या अंगातून घेतो. प्रेशर नसताना तो जोडलेला असतो. साधारण ०.३ ते ०.५ बार प्रेशर आलं की उघडतो आणि दिवा विझतो.

*दिवा कायम पेटलेला असेल तर:* चावी ऑन, इंजिन बंद. स्विचवरचा कपलर काढा. दिवा विझला तर वायर ठीक आहे. नाही विझला तर स्विच आणि क्लस्टरच्या मध्ये ती वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे, नवा स्विच आणून काही उपयोग नाही.

*दिवा कधीच पेटत नसेल तर:* काढलेल्या कपलरच्या पिनला जंपर लावून दुसरं टोक इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागी टेकवा. दिवा पेटला म्हणजे फ्यूज, बल्ब, वायर सगळं नीट आहे. दोष स्विचचा किंवा त्याच्या अर्थचा. नाही पेटला तर सर्किट वर कुठेतरी तुटलंय.

इथे दोन गोष्टी लोकांना फसवतात.

पहिली म्हणजे कपलर काढल्यावर दिवा विझला, म्हणून लगेच स्विच बाद ठरवणं. स्विच बरोबर असेल आणि प्रेशरच नसेल तरी अगदी हेच घडतं! स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल प्रेशर गेज लावा, इंजिन चालू करा, आयडलला आणि थोड्या वाढवलेल्या रेसला काटा बघा. मॅन्युअलमधल्या आकड्याइतकं प्रेशर भरलं, मगच नवा स्विच.

दुसरी चूक माझीच. एकदा गळती नको म्हणून नव्या स्विचच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप चांगला चार वेढे गुंडाळला. चावी ऑन केली तर दिवा पेटेना. वायर तपासली, फ्यूज तपासला, क्लस्टर काढायला स्क्रू ढिले केले, तेव्हा कुठे लक्षात आलं की स्विचचा अर्थ टेपनेच तोडलाय. आता स्विचच्या षटकोनी अंगावर मल्टिमीटरची एक पिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरी ठेवून अर्थ आधी तपासतो.

कपलर हातात आला की आत नीट बघा. ऑईलने ओला असेल तर स्विच आतून गळतोय. ते ऑईल तांब्याच्या तारांमधून वातीसारखं चढतं आणि पुढच्या कपलरपर्यंत पोचतं. हिरवट भुकटी दिसली तर तांबं खाल्लं गेलंय. नुसता क्लीनर मारून भागणार नाही, वायर मागे ताजी लाल तार दिसेपर्यंत कापावी लागेल.

*तपासा:* सगळे स्विच असे वागत नाहीत. कूलंट आणि ब्रेक ऑईलच्या पातळीचे काही सेन्सर उलटे असतात, कपलर काढला की दिवा पेटतो. त्या सेन्सरचा डायग्राम बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

५. चार्जिंगचा दिवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण हा दिवा नुसता इशारा देत नाही, तो कामही करतो. चावी ऑन केली की करंट दिव्यातून अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) डी प्लस किंवा एल टर्मिनलमध्ये जातो आणि रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, सुरुवातीचं चुंबकत्व देतो. २ वॉटच्या बल्बमधून जेमतेम ०.१७ अँपिअर जातो, पण तेवढा पुरतो. अल्टरनेटर चालू झाला की त्या टर्मिनलवरही बॅटरीइतकंच व्होल्टेज येतं. दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, म्हणून तो विझतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. बल्ब उडाला तर अल्टरनेटर चार्जिंगच सुरू करणार नाही, किंवा भरपूर रेस दिल्यावर करेल. आणि साध्या बल्बच्या जागी हौसेने एलईडी टाकला तर तेवढा करंट जात नाही, परिणाम तोच.

आता लक्षणं.

*चावी ऑन करून दिवा पेटत नाही.* डी प्लसची बारीक वायर काढा आणि जंपरने अर्थ करा. पेटला तर दोष अल्टरनेटरमध्ये: झिजलेले ब्रश, आतून तार तुटलेला रोटर किंवा रेग्युलेटर. पेटला नाही तर बल्ब, फ्यूज किंवा वायर.

*सावधान:* शेजारची जाड बी प्लस केबल बॅटरीला थेट जोडलेली, चावी बंद असतानाही जिवंत असते. ती अर्थ झाली तर आग लागू शकते. वायर ओळखण्यात शंका असेल तर चाचणी सोडून द्या. आणि ज्या गाडीत अल्टरनेटर कंट्रोल युनिटच्या ताब्यात आहे तिथे ही चाचणी करूच नका.

*इंजिन चालू असतानाही दिवा पूर्ण पेटलेला.* आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साध्या अल्टरनेटरला १३.८ ते १४.४ मिळत असेल तर चार्जिंग नीट आहे आणि दिव्याची वायर कुठेतरी अर्थ होतेय. इंजिन बंद करून डी प्लसची वायर काढा, चावी ऑन करा. तरी पेटला तर खात्री झाली. मुळात १२.४ च्या खालीच असेल आणि हळूहळू उतरत असेल तर पट्टा, ब्रश, रेग्युलेटर या क्रमाने जा.

*मंद पेटतो, विशेषतः रात्री दिसतो.* दोन्ही टोकांच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक आहे. हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिन चालू ठेवून, बी प्लस ते बॅटरी पॉझिटिव्ह असं मोजा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर केबल किंवा तिच्या टोकाचा लग खराब. तिथे ठीक असेल तर चावीच्या स्विचमध्ये किंवा फ्यूजच्या पायात व्होल्टेज पडतंय. तेही नीट असेल तर अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग).

*चावी काढल्यावरही मिणमिणतो.* अल्टरनेटरमधला डायोड शॉर्ट, बॅटरीचा करंट उलटा दिव्यातून येतोय. सकाळी बॅटरी बसलेली असेल ती यामुळेच.

याचंच एक रूप फक्त डिझेलमध्ये दिसतं. काही जुन्या गाड्यांत पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड करंट असेपर्यंत डिझेल सोडतो. चावी बंद केली तरी फिरता अल्टरनेटर दिव्याच्या वायरमधून त्या लाईनला उलटा करंट देतो आणि इंजिन बंद व्हायला तयार होत नाही. म्हणून त्या वायरमध्ये डायोड घातलेला असतो. वायरिंग दुरुस्त करताना "हा कसला गोळा" म्हणून कुणी तो काढून टाकला असेल तर हा त्रास सुरू होतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून "चार्जिंग होतंय का" बघायची जुनी सवय सोडा. व्होल्टेज उसळून रेग्युलेटर आणि कंट्रोल युनिट दोन्ही जाऊ शकतात.

६. हीटरचा दिवा

गरम इंजिनवर हा दिवा न पेटणं किंवा क्षणात विझणं हा दोष नाही. तपासणी रात्रभर थंड झालेल्या इंजिनवरच करा. दिवा विझला म्हणजे हीटर प्लग बंद झाले असंही नाही. बऱ्याच गाड्यांत दिवा "आता सेल्फ मारा" एवढंच सांगतो, प्लग पुढेही तापत राहतात.

थंड इंजिनवर दिवा येतच नसेल तर आधी हीटर रिलेचा जाड फ्यूज बघा. मग प्लगवरची पट्टी काढून प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिन असा रोध मोजा. चांगला प्लग साधारण १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, नाहीतर ०.४ ओहम वायरींचाच असेल. उघडा, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवणारा प्लग गेलेला.

*सावधान:* प्लग बाहेर काढून थेट १२ व्होल्ट देऊन लाल होतो का बघू नका. नव्या गाड्यांतले बरेच प्लग ५ ते ७ व्होल्टचे असतात, तिथल्या तिथे फुंकतात. चालू प्लगचा करंट मल्टिमीटरमधून मोजायलाही जाऊ नका. एकेक प्लग १० अँपिअरच्या पुढे खेचू शकतो. क्लॅम्प मीटर वापरा.

आणि हाच दिवा गाडी चालताना लुकलुकत असेल तर प्लगला दोष देऊ नका. काही गाड्यांत तो इंजिन मॅनेजमेंटच्या बिघाडाचा इशारा असतो.

७. डिझेलमधल्या पाण्याचा दिवा आणि ब्रेकचा दिवा

पाण्याचा सेन्सर डिझेल फिल्टरच्या तळाशी असतो. दिवा पेटला की वायरिंगच्या आधी तळाचा नट ढिला करून पारदर्शक बरणीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली वेगळं बसलेलं दिसेल. पाणी निघालं तर दिवा खरा होता. पूर्ण काढा, हँड पंपाने हवा काढा, मग इंजिन चालू करा. कॉमन रेल गाडीत पुढच्या उच्च दाबाच्या नळ्यांना इंजिन चालू असताना हात लावायचा नाही. तिथे १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो, बारीक फवाराही कातडीत घुसतो.

पाणी नसताना दिवा राहिला तर कपलर काढा. विझला तर सेन्सरच्या पिना मळलेल्या किंवा सेन्सर गेलेला. नाही विझला तरी घाई नको, कारण काही गाड्या तुटलेलं सर्किटही दोष म्हणूनच दाखवतात.

ब्रेकच्या दिव्यात हँडब्रेकचा स्विच आणि ब्रेक ऑईलची पातळी हे दोघे सामायिक असतात, काही डिझेल गाड्यांत व्हॅक्यूमचा स्विचही. एकेक कपलर काढून कोणाचं नाव निघतं ते बघा. पातळी कमी असेल तर नुसतं ऑईल ओतून मोकळे होऊ नका. पॅड झिजलेत की गळती आहे ते बघा.

८. तुटलेली किंवा घासलेली वायर शोधणं

मल्टिमीटरचा बीप वाजला म्हणजे वायर चांगली, हा मोठा गैरसमज. वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी बीप वाजतो. खरी परीक्षा लोड असताना व्होल्टेज ड्रॉपची. सर्किट चालू ठेवा आणि एकाच वायरच्या दोन टोकांवर दोन पिना ठेवा. दिव्याच्या सर्किटमध्ये ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधे अडथळा आहे.

इंजिनच्या अर्थसाठी एक पिन इंजिन ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ च्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढा, लग आणि बॉडी ब्रशने चकचकीत करा. पट्टीच्या बोल्टखाली नवा रंग लागलेला असणं हे नेहमीचं कारण.

कधी येणारा, कधी जाणारा फॉल्ट असेल तर हार्नेस वीतभर-वीतभर हलवत जा. डिझेलची कंपनं जास्त, त्यामुळे घासण्याच्या जागा ठरलेल्या: इंजिनवरून बॉडीवर हार्नेस उडी मारतो तिथे, फायरवॉलच्या रबराजवळ, आणि डिझेल फिल्टरच्या खाली. तिथे गळणाऱ्या डिझेलने रबर फुगून मऊ होतं.

९. कॉम्प्युटरवाले दिवे

चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग यांच्यासाठी आधी स्कॅनर. कोड लिहून घ्या, कोणत्या वेगाला आणि तापमानाला आला तेही. न लिहिता कोड पुसणं म्हणजे पुरावा जाळणं. प्रेशर सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही. त्याच्या कपलरवर ५ व्होल्ट आणि अर्थ पोचतोय का बघा. अनेक सेन्सरचे कोड एकत्र आले तर त्यांची ५ व्होल्टची लाईन सामायिक आहे का ते डायग्राममध्ये शोधा. एक शॉर्ट झालेला सेन्सर सगळ्यांना खाली ओढतो. कपलर एकेक काढत जा. ५ व्होल्ट परत आले, तिथे चोर.

क्लस्टर आणि युनिट बोलतच नसतील तर बॅटरी काढून कॅनच्या दोन वायरींमधला रोध मोजा. हाय-स्पीड कॅनला सुमारे ६० ओहम हवेत. १२० आले तर लाईनच्या दोन टोकांना बसवलेल्या रोधांपैकी एक तुटलाय.

*सावधान:* या वायरींवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही आणि जंपर तर मुळीच नाही. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या, कपलरमध्ये मल्टिमीटरही घालू नका. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

१०. आता डॅशबोर्ड

फ्यूज नीट, कपलरवर अर्थ दिला तरी दिवा नाही, वायर दोन्ही टोकांपर्यंत चांगली, असं ठरलं तरच क्लस्टर काढा. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. बल्ब असेल तर तो पाव फेरा फिरवून काढा, त्याच्या पायाखालची छापील तांब्याची पट्टी जळून उचललेली आहे का बघा. बल्ब बदलताना वॉट तोच ठेवा, का ते पाचव्या पायरीत आलंच आहे.

११. जोड आणि शेवटची तपासणी

वायर पिळून वर टेप गुंडाळणं हा पुढच्या पावसाळ्याचा फॉल्ट असतो. क्रिंप किंवा सोल्डर करा, वर हीट श्रिंक घाला, आणि सोल्डरचा जोड हलणार नाही असा बांधा, नाहीतर त्याच्या कडेलाच तुटतो. हार्नेस एक्झॉस्ट आणि टर्बोपासून लांब, मूळच्या क्लिपांत परत बसवा.

मग दुसरी पायरी पुन्हा करा, पहिल्या वेळचा कागद शेजारी धरून. इंजिन चालू असताना दुरुस्त केलेला भाग हलवून बघा. खड्ड्याच्या रस्त्यावर एक फेरी मारा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, सेल्फ मारायच्या आधी एकदा दिवे मोजा. गरम इंजिनवर नीट वागलेला हीटरचा किंवा ऑईलचा दिवा दगा देतो तो याच वेळी.